नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक ज्या कामांसाठी येतात, त्यांत लग्नपत्रिकेचा मजकूर सुधारून देण्याच्या खालोखाल क्रमांक लागतो तो नाव सुचवण्याचा. बाळाचे नाव, बंगल्याचे नाव, पतसंस्थेचे नाव, क्वचित एखाद्या वधूवर सूचक मंडळाचेही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात गेली अनेक वर्षे शिकवत आहोत, आणि एवढ्या काळात आमच्या हातून झालेल्या बारशांची मोजदाद आता आमच्यापाशी नाही. हे काम फुकटचे असते, निरुपद्रवी असते, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते आवडते. शब्दांचे ज्ञान कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे असे वाटण्याचे प्रसंग आमच्या व्यवसायात फार येत नाहीत.

मागच्या वर्षी मात्र या निरुपद्रवी कामात आम्ही पुरते उताणे पडलो. ते का, याचा विचार करताना काही गोष्टी लक्षात आल्या. त्या मांडण्याजोग्या वाटतात.

आमची एक माजी विद्यार्थिनी. बी. ए.ला मराठी विशेष घेतलेली, आता एका पतपेढीत हिशेब लिहिते. तिची आई वीसेक वर्षे धुणीभांडी, केरफरशी आणि अलीकडे पोळ्या करण्याची कामे करते आहे. आईसह आठ जणींनी ठरवले की ज्या एजन्सीमार्फत नव्या गृहसंकुलांतली कामे मिळत होती तिला रामराम ठोकायचा आणि आपले आपण काम धरायचे. घरकाम, स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसाजवळ दिवसभर थांबणे, सणापूर्वीची झाडलोट असे सगळे. हिशेब मुलगी पाहणार. एक गाळाही भाड्याने मिळाला, निम्मा. उरलेल्या निम्म्यात शिलाईयंत्र दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. आता फक्त नाव हवे होते. ‘सर, मॅडम, तुम्ही द्याल तेच ठेवू,’ असे ती म्हणाली. हे वाक्य तिने पुढे मागे घेतले, आणि योग्यच केले.

आम्ही यादी केली. गृहसखी, सेवाश्री, स्वयंसिद्धा, गृहलक्ष्मी, आपुलकी, निर्मल, सुगरण, हातासरशी. शेवटच्या नावाचा आम्हाला विशेष अभिमान होता, त्याविषयी पुढे लिहू. बाकीच्या नावांकडे आज पाहिले की आमचीच आम्हाला गंमत वाटते. ही नावे आम्ही विचार करून काढलीच नव्हती. ती आमच्या आत तयार होती, जशी शुभेच्छापत्रांत ओळी तयार असतात. मराठी माणसाला व्यवसायाचे नाव सुचवायला सांगितले की तो डोळे मिटतो आणि तत्सम शब्दांच्या फडताळाकडे हात नेतो. प्लंबिंग असो, वाळवी मारणे असो, की उदबत्ती विकणे असो. वरच्या खणातून ‘श्री’, मधल्या खणातून ‘साई’ किंवा ‘लक्ष्मी’, खालच्या खणातून ‘सेवा’ किंवा ‘केंद्र’. शहराबाहेर नव्या वस्तीत एक चक्कर मारावी आणि पाट्या वाचाव्यात. वाळवी मारणाऱ्याचे नाव ‘निसर्ग’ असते. इंग्रजी वळणाच्या पाट्यांची तऱ्हा थोडी वेगळी. ‘ए-वन’, ‘एएए’ अशी नावे घेण्यामागे निदान एक व्यावहारिक कारण होते: छापील दूरध्वनी सूचीत वर्णानुक्रमाने पहिले येण्याचे. ती सूची गेली, पण नावे राहिली. मेलेल्या प्रत्ययांसारखी.

विद्यार्थिनीने यादी वाचली, आईला आणि इतर जणींना वाचून दाखवली, आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाली, ‘नावं छान आहेत. पण ती कामाला ठेवणाऱ्यांसाठी आहेत. आमच्यासाठी नाहीत.’

आम्ही वर्गात अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतो. कोणत्या शब्दाची व्यंजना कोणाच्या कानात कशी उमटते हा सहृदयाचा प्रश्न असतो, असेही सांगतो. हा सहृदय म्हणजे आमच्यासारखाच कोणीतरी वाचक, हे मात्र आम्ही न सांगताच गृहीत धरलेले असते. ‘गृहसखी’ या शब्दाने ज्याच्या घराला सखी मिळते त्याला बरे वाटते. सखीला त्या घरातल्या कपात चहा मिळतो का, हे त्या शब्दातून कळत नाही. बहुधा तिचा कप वेगळा असतो, आणि तो खिडकीत पालथा घातलेला असतो.

‘सेवा’ या शब्दाचे प्रकरण याहून जुने आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सेवा म्हणजे मोबदला घेऊन केलेले, वस्तुरूप नसलेले काम. 1994 साली आपल्याकडे सेवाकर आला तेव्हा हा अर्थ सरकारी कागदावर चांगलाच रूढ झाला. पण मराठी कानाला ‘सेवा’ म्हटले की मोबदला ऐकू येत नाही, उलट मोबदल्याचा अभाव ऐकू येतो. देवाची सेवा, आईवडिलांची सेवा, राष्ट्राची सेवा. भक्तिपरंपरेने या शब्दाला फार उंचीवर नेऊन बसवले. त्याआधीची नोंद मात्र वेगळीच आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाच्या उपजीविकेचे मार्ग सांगताना सेवेला श्वानवृत्ती म्हणून वर्ज्य ठरवले, आणि त्याच ग्रंथाने शूद्राचे कर्तव्य म्हणून इतर वर्णांची शुश्रूषाच सांगितली. म्हणजे जे स्वतः करायचे नाही ते दुसऱ्याने निष्ठेने करावे अशी ही व्यवस्था. या शब्दाच्या पोटात इतके सगळे असताना आम्ही तो अलगद उचलून, पुढे ‘श्री’ लावून आठ बायकांच्या हाती ठेवला. सेवा करणाऱ्याने महिन्याच्या एक तारखेला पगार मागितला तर तो थोडासा ओशाळवाणा होतो. हे ओशाळेपण त्या शब्दातून येते, असे आमच्यापैकी एकाचे ठाम मत आहे. दुसरीला हे थोडे ताणलेले वाटते. पगार मागताना वाटणारे ओशाळेपण शब्दकोशातून येत नाही, पैशांच्या गरजेतून येते, असे तिचे म्हणणे. आम्ही हा मतभेद मिटवलेला नाही.

नात्याच्या शब्दांविषयी मात्र आमचे एकमत आहे. ‘मावशी’, ‘ताई’, ‘मामी’ हे शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीला उद्देशून वापरले जातात तेव्हा त्यांत खरी माया असू शकते. आम्ही ती पाहिली आहे. पण नात्यात रजेचा नियम नसतो. मावशीला कोणी पगारी सुट्टी देत नाही. आणि ज्या दिवशी मावशी न सांगता येत नाही त्या दिवशी ती मावशी राहत नाही, तिची ‘बाई’ होते: ‘आज बाई आली नाही.’

या ‘बाई’ शब्दाचा प्रवास भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांनी अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून जरूर घ्यावा. मुक्ताबाई, बहिणाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई. नावामागे लागून आदर सांगणारा हा शब्द. शाळेतल्या शिक्षिकेला आमच्या पिढीपर्यंत ‘बाई’च म्हणत, आमच्यापैकी एकीने पहिली काही वर्षे हे संबोधन ऐकले आहे. मग विद्यार्थी हळूहळू ‘मॅडम’कडे वळले. कारण उघड होते. तोवर ‘बाई’ स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने घरात येऊ लागली होती, आणि एकच शब्द दोन पगारांच्या बायकांना पुरेना. पुढे तर मुंबईत ‘बुकमायबाई’ नावाचे संकेतस्थळ निघाले. चित्रपटाचे तिकीट आरक्षित करण्याच्या सुप्रसिद्ध नावाशी यमक साधणारे. नाव चटकन लक्षात राहते यात शंका नाही. जिच्या नावामागे ‘बाई’ लागत असे तिचे नाव गळाले आणि नुसता प्रत्यय आरक्षणासाठी उरला, एवढेच.

अर्बन कंपनीचे उदाहरण याहून ताजे. 2014 साली ‘अर्बनक्लॅप’ नावाने निघालेल्या या कंपनीने 2020 साली स्वतःचेच नाव बदलले. म्हणजे नावाचे महत्त्व त्यांना कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. मार्च 2025 मध्ये तिने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सोय सुरू केली आणि तिला ‘इन्स्टा मेड्स’ म्हटले. त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा नाव ‘इन्स्टा हेल्प’ झाले. टीका योग्यच होती. पण एक व्याकरणिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. दोन पदांच्या त्या नावात ‘मेड’ गेले, ‘इन्स्टा’ राहिले. नामाला आक्षेप घेतला गेला, विशेषणाला फारसा नाही. पंधरा मिनिटांत दारात उभे राहण्यासाठी त्या स्त्रीला कुठेतरी जवळपास, रस्त्यावर किंवा जिन्यात, तयार बसावे लागते. ते बसणे त्या विशेषणात आहे.

या सगळ्या सुगंधी आणि झटपट शब्दांच्या गर्दीत एक शब्द आमच्या समोर होता आणि आम्ही तो यादीत घेण्याचा विचारही केला नव्हता: मोलकरीण. तो आम्हाला अपमानकारक वाटला होता. विद्यार्थिनीच्या आईने तो सहज उच्चारला. मोल घेऊन काम करणारी. यात सखी नाही, लक्ष्मी नाही, मदतनीस नाही. काम आहे आणि त्याचे मोल आहे. 1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि संघटना बांधली तेव्हा त्या संघटनेचे नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ असे राहिले. 2008 साली राज्याने या कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा कायद्याने मात्र ‘घरेलू कामगार’ हा शब्द घेतला. ‘कामगार’ आला हे फारच चांगले झाले. तो शब्द मिळवायला बराच काळ लागला. ‘घरेलू’ कुठून आला ते सांगायला नको. मराठी घरात ‘घरगुती’ असते, ‘घरेलू’ नसते. राजभाषेच्या कायद्याखाली चालणाऱ्या राज्याला आपल्याच मोलकरणीसाठी हिंदी विशेषण उसने आणावे लागले, कारण मराठीत हाताशी असलेला शब्द वापरायची लाज वाटत होती. ज्यांना तो लागू होतो त्यांना ती वाटली नव्हती.

तरीही पाटीवर ‘मोलकरीण’ नको, असे त्या आठ जणींपैकी पाच जणींचे मत पडले. मुलांच्या शाळेत सांगायचे म्हणजे पंचाईत. संघटनेचे नाव लढायला असते, धंद्याचे नाव गिऱ्हाइकाने फोनमध्ये साठवायला असते, हा फरक त्यांना आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

आता ‘हातासरशी’. तत्समांची फडताळे उघडून झाल्यावर आम्हाला अस्सल मराठी शब्दाची आठवण झाली आणि हा शब्द सापडला तेव्हा आम्ही खरोखर खूश झालो. हात आहे, काम आहे, चपळाई आहे, बोलीचा लहेजा आहे. कोणत्याही दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता न येणारा. आम्ही गाळ्यावर गेलो, आठही जणी होत्या, आणि आम्ही तो शब्द जरा थाटातच उच्चारला. क्षणभर शांतता पसरली. मग एक बाई तोंडाला पदर लावून हसू लागली आणि तिच्यामागे सगळ्या. आम्हाला काही कळेना. शेवटी विद्यार्थिनीच्या आईने सांगितले, ‘मॅडम, ह्याच शब्दानं तर मेलो आम्ही. भांडी झाली की म्हणायचं, हातासरशी ओटा पूस. ओटा झाला की हातासरशी तेवढी भाजी निवड. हातासरशीचे कुणी पैसे देत न्हाई.’

तीस-चाळीस वर्षे मराठी वाचत, शिकत, शिकवत असलेल्या आम्हा दोघांना या शब्दाचा हा अर्थ माहीत नव्हता. माहीत नव्हता असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. आमच्या दोघांच्याही घरी तो शब्द याच अर्थाने, याच स्वरात वापरला गेला आहे. आम्हीच वापरला आहे. तो अर्थ शब्दकोशात नाही कारण कोश करणाऱ्यांना तो ऐकू येत नाही. ज्याच्या तोंडून शब्द जातो त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

त्या दिवशी परतताना आमच्यापैकी एकाने जनाबाईचे नाव काढले. घरकाम करणाऱ्या ज्या स्त्रीने स्वतःच्या नावानिशी मराठीत लिहिले ती पहिली हीच असावी. दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणे, धुणे ही सगळी कामे तिच्या अभंगांत आहेत, आणि त्या कामांना हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. अभ्यासक्रमात आपण याला भक्तीची पराकाष्ठा म्हणून शिकवतो. कामाचे मोजमाप म्हणून ते कधी शिकवले आहे काय? एका बाईच्याने उरकणार नाही इतके काम होते, म्हणून दुसरा माणूस लागला, असेही त्या अभंगांचे वाचन होऊ शकते. आणि सही करताना ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते. कोणाच्या घरची, हे आधी. ‘जनी’ हे नाव व्यवसायाला द्यावे असा आमचा विचार होता. विद्यार्थिनीने तो फोनवरच मोडून काढला. ‘सर, जनाबाईला पगार नव्हता,’ एवढेच म्हणाली. एम. ए.ला हिला आम्ही का घेतले नाही, असे त्या क्षणी वाटले. मग आठवले की तिने अर्ज भरलाच नव्हता, पतपेढीची नोकरी लागली होती.

या ठिकाणी आमच्याविरुद्धचा एक पुरावा मांडायला हवा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्यांना एकत्र केले, त्या मंडळाचे नाव ‘अन्नपूर्णा’. नाव सरळ पुराणातले, आणि ते कोणालाही खोटे वाटले नाही. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग’ उभा राहिला: ‘श्री’ही आहे, ‘गृह’ही आहे, आणि पुढे अरबीतून फिरत आलेली ‘लिज्जत’. तेव्हा तत्सम शब्दच दोषी असे आम्ही म्हणणार नाही. अन्नपूर्णा हे नाव मंडळातल्या बायकांनी स्वतःकडे घेतले होते. जेवणाऱ्याने त्यांना चढवलेले नव्हते. आमच्या यादीत नेमके उलटे झाले होते. उलट बाजूने पाहायचे तर मुंबईच्या डबेवाल्यांच्या न्यासाचे नोंदलेले नाव लांबलचक इंग्रजी आहे, आणि जगात कोणी ते उच्चारत नाही. लोक ‘डबेवाला’ म्हणतात आणि तेच पुरते.

व्यवहाराच्या बाजू त्या आठ जणींनी आम्हाला शिकवल्या, त्या थोडक्यात सांगतो. संकुलाच्या फाटकावर रखवालदार नोंदवहीत ‘कोठून’ या रकान्यात जे लिहू शकेल तेच नाव. रखवालदार बहुधा बिहारचा किंवा नेपाळचा, रकाना दीड इंचाचा. ‘स्वयंसिद्धा’ तिथे मावत नाही, आणि मावली तरी जोडाक्षरांची दुर्दशा होते. नाव फोनवर एकदा सांगून कळले पाहिजे. शिवाय कायदा आहे. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेलाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी बंधनकारक झाली; दुसऱ्या लिपीतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा यावर वर्तमानपत्रांतून बराच धुरळा उडाला. आम्हीही तेव्हा आनंद व्यक्त करणाऱ्यांत होतो. आज वाटते की कायदा लिपीपाशी थांबतो. देवनागरीत ‘इन्स्टा हेल्प’ लिहिले की कायदा समाधानी. कोणत्या तोंडची मराठी पाटीवर यावी हे कायद्याने ठरवायचे नसतेच, पण मराठी विभागांनी त्यावर कधीतरी बोलायला हरकत नव्हती. आम्ही अभिजात दर्जाच्या बातमीवर पेढे वाटले, 2024 च्या ऑक्टोबरात. धंद्याचे नाव मागायला कोणी आले तर पुन्हा तेच फडताळ.

नाव शेवटी त्यांनीच ठेवले. आठ जणींत सगळ्यांत वयस्क आहेत त्या मराठवाड्यातून आलेल्या, अक्षरओळख सही करण्यापुरती. गाळ्यात चर्चा लांबली तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, ‘नाव काय बी ठेवा, पर काम बोलीपरमाणं. बोलीच्या भायेर एक ताट बी घासायचं न्हाई.’ बोली म्हणजे आधी ठरलेला तोंडी करार. बैल विकताना, सालगडी ठेवताना, लग्न जुळवताना जी होते ती बोली. आमच्या विभागात ‘बोली’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो आणि तो केवळ भाषेच्या प्रकाराचा वाचक असतो. तिचा हा दुसरा, बहुधा अधिक जुना आणि निश्चितच अधिक उपयोगी अर्थ कधी प्रश्नपत्रिकेत आल्याचे आठवत नाही.

‘बोलीप्रमाणे’ ही पाटी मागच्या दिवाळीत लागली. खाली बारीक अक्षरांत ‘घरकाम, स्वयंपाक, सोबत’. ‘सोबत’ हा आजारी माणसाजवळ थांबण्यासाठीचा त्यांचा शब्द, तोही आम्हाला सुचला नव्हता. पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी विचारले की हे भाषांतराचे दुकान आहे का. आता कोणी विचारत नाही. काम ठरवताना कागदावर यादी होते, दोघांच्या सह्या होतात, आणि यादीबाहेरचे काम निघाले की त्या नुसते पाटीचे नाव घेतात. भांडावे लागत नाही, असे विद्यार्थिनी सांगते. आमच्यापैकी एकीच्या घरी त्यांच्यापैकी एक जण पोळ्यांना येते. परवा पोळ्या झाल्यावर ‘हातासरशी’ एवढा शब्द तोंडातून निघाला होता, पुढचा गिळला.

पाटी रंगवणाऱ्याने ‘बोलीप्रमाणे’ मधला ‘ली’ ऱ्हस्व काढला आहे. तो दुरुस्त करायला सांगावा की नाही, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.